मोटारसायकलचे एलईडी दिवे : दोष कोठे शोधावा?

मोटारसायकलचा मागील दिवा विझला, तर ते चालकाच्या लक्षात येत नाही. मागून येणाऱ्या ट्रकच्या चालकाला मात्र अंधारात मोटारसायकलच दिसत नाही. रात्री खेड्यापाड्यांतून ये-जा करणाऱ्या ग्रामसेवकांनी व शिक्षकांनी या दिव्यांची थोडी माहिती करून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

जुन्या बल्बमधील तार प्रवाह कोणत्याही दिशेने गेला तरी तापून उजळते. एलईडीतून प्रवाह एकाच दिशेने वाहतो. धन व ऋण तारांची अदलाबदल झाली, तर बहुतेक एलईडी दिवे लागतच नाहीत. आणि असा निर्दोष दिवा पुष्कळदा निकामी समजून फेकला जातो.

दोष ओळखण्याची पहिली खूण डोळ्यांनाच दिसते. दिव्यातील काही ठिपकेच विझलेले असतील, तर बिघाड बहुधा दिव्याचा असतो. संपूर्ण दिवा बंद असेल, तर प्रथम संशय फ्यूज, स्विच व वायरिंग यांवर घ्यावा. दिव्याचा कपलर सोडवून, लहान फ्यूज मध्ये घालून, १२ व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाह योग्य दिशेने थेट द्यावा. दिवा लागला तर तो ठीक आहे. मल्टिमीटरच्या डायोड-चाचणीवर मात्र विसंबू नये, कारण तयार दिव्यात अनेक एलईडी एकापुढे एक जोडलेले असतात व मीटरचा दाब त्यांना पुरत नाही.

पावसाळ्यानंतर सर्वांत जास्त त्रास देते ती अर्थची जोडणी. सांगाड्याला कसलेल्या स्क्रूखाली गंज चढतो आणि दिवा मंद होतो किंवा लुकलुकतो. दिवा चालू ठेवून त्याची अर्थची तार व बॅटरीचे ऋण टोक यांमधील दाब मोजावा. तो जवळजवळ शून्य असावयास हवा. अर्धा व्होल्ट दिसला तरी जोडणी घासून स्वच्छ करावी. हे काम पॉलिश पेपरच्या एका तुकड्याने होते.

इंडिकेटरचे गाऱ्हाणे निराळे. १० वॅटच्या बल्बच्या जागी एक-दोन वॅटचा एलईडी बसविला, की बल्ब उडाला अशी अनेक फ्लॅशरांची समजूत होते व ते भराभर मिचकावू लागतात. काही जुने फ्लॅशर तर मिचकावतच नाहीत. यावर एलईडीसाठी बनविलेला फ्लॅशर बसविणे हाच खरा उपाय होय. काही कारागीर रोधक जोडून वेळ मारून नेतात. तो इतका तापतो की शेजारचे प्लास्टिक वितळू शकते. एका बाजूचा इंडिकेटर लावताच चारही दिवे मिचकावू लागले, तर मीटरवरील एकमेव दर्शक दिव्यातून प्रवाह पलीकडच्या बाजूस जात आहे, असे समजावे. तेथे दोन डायोड घातल्यास हा प्रकार थांबतो.

नवे दिवे वरचेवर जळत असतील, तर दुकानदाराशी वाद घालण्यापूर्वी इंजिन चालू असताना बॅटरीवरील दाब पाहावा. तो साधारण १४ व्होल्ट असतो. इंजिनाचा वेग वाढविताच तो १५ च्या पुढे गेला, तर रेग्युलेटर बिघडलेला आहे. काही जुन्या गाड्यांत पुढील दिवा बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटोच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर चालतो. तेथे साधा एलईडी थरथरतो.

हॅलोजनच्या परावर्तकात बसविलेला एलईडी भिंतीवर झगझगीत दिसला, तरी प्रकाश ठरलेल्या बिंदूपासून न निघाल्याने तो विखुरतो, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. रस्त्यावर नेण्यापूर्वी गाडी भिंतीसमोर सपाट जागेवर उभी करून, खालच्या झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा किंचित खाली पडते की नाही, हे पाहून घ्यावे.