घरांतील गिटार आणि धाकटा ध्वनिवर्धक

विजेची गिटार घरांत आली कीं चार दिवसांत तिच्यासाठीं ध्वनिवर्धक घेण्याची गोष्ट निघते, आणि तेव्हांपासून घरांत दोन पक्ष पडतात. मुलांचें म्हणणें, ध्वनिवर्धकावांचून ही गिटार मुकी आहे. वडील माणसांचें म्हणणें, ती मुकी आहे तोंवरच घरांत शांतता आहे. दोन्ही पक्ष खरें बोलतात. साध्या गिटारीला पोकळ पोट असतें व तारेचा नाद त्यांत घुमतो. विजेच्या गिटारीचें अंग बहुधा भरीव असतें. तारांखालीं लोहचुंबकाभोंवतीं गुंडाळलेल्या बारीक तांब्याच्या तारेंत जी क्षीण वीज उत्पन्न होते, तीच वाढवून ऐकावी लागते. म्हणून ध्वनिवर्धक, ज्याला मुलें नुसतें 'अँप' म्हणतात, हा चैनीचा जिन्नस नसून वाद्याचाच अर्धा भाग होय, हें वडील मंडळींनीं आधीं मान्य करावें.

वसईला गिटार परकी नाहीं. येथील ख्रिस्ती वाड्यांतून लग्नासमारंभांत व्हायोलिन आणि गिटार यांचे सूर फार दिवसांपासून ऐकूं येत आहेत. पण वाड्यांतल्या घराभोंवतीं केळीची बाग असे. वाजविणाराचा आवाज शेजाऱ्याच्या ओटीवर पोंचेपर्यंत निम्मा विरून जाई. आतां वसई रोड, नालासोपारा, विरार येथें एका भिंतीच्या दोन बाजूंस दोन बिऱ्हाडें नांदतात. अलीकडे नातू गिटार छेडतो आणि पलीकडे कोणाची मुलगी दहावीचा अभ्यास करीत असते, किंवा कोणी आजीबाई नुकत्याच इस्पितळांतून घरीं आलेल्या असतात. प्रश्न वाद्याचा नाहीं, भिंतीचा आहे.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. आतां गिटारीच्या लहानशा अँपला अवघा एक वॅट दिला तरी तीन-साडेतीन फुटांवर नव्वदीच्या आसपास डेसिबल आवाज होतो. हे आंकडे शेजारीं शेजारीं मांडले म्हणजे दुकानांतील वॅटांची घासाघीस किती व्यर्थ आहे तें कळून येतें. शिवाय डेसिबलांचें गणित साध्या बेरजेचें नव्हे. दहा वॅटांचे शंभर वॅट केले तर कानाला आवाज दहापट नव्हे, सुमारें दुप्पटच मोठा वाटतो. आणि दहाचे पांच केले तर केवळ तीन डेसिबल कमी होतात. म्हणजे लहान अँप घेतला एवढ्यानेंच घर शांत होत नाहीं! पाहावयाचें तें निराळेंच आहे: आवाज अगदीं उतरविल्यावर हा अँप कसा बोलतो?

येथें कानाचा एक स्वभाव आड येतो. अमेरिकेंतील फ्लेचर व मन्सन या दोघां शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं दाखवून दिलें कीं, आवाज लहान होतो तसतसे मंद्र सप्तकांतील स्वर आपल्या कानाला इतरांपेक्षां अधिक वेगानें हरवत जातात. त्यामुळें दुकानांत गडगडणारा अँप घरीं हलक्या आवाजांत पत्र्याच्या डब्यासारखा वाजूं लागतो, आणि मुलगा बिचारा आवाज चढवितो. त्यांत त्याचा उद्धटपणा नसतो. त्याला जाड तारेचा सूर ऐकूंच येत नसतो.

जुन्या धर्तीचे व्हॉल्व्हचे अँप या कामीं विशेष गैरसोयीचे. त्यांचा जो भरदार, किंचित् फाटलेला स्वर मुलांना प्रिय असतो, तो व्हॉल्व्हवर पुरता ताण पडल्यावरच निघतो, आणि तेवढा ताण म्हणजे सबंध इमारतीला जाग. हल्लींचे कांहीं अँप तो स्वर गणितानें, आंतल्या चिपेवर घडवितात. त्यामुळें तो हलक्या आवाजांतही बराचसा टिकतो. यामाहाचा टीएचआर-१० हा मेजावर ठेवण्याजोगा अँप असाच आहे. बॉसचा कटाना मिनी सात वॅटांचा असून सहा लहान सेलांवरही चालतो. वीज गेलेल्या संध्याकाळीं ही सोय लहान म्हणतां येणार नाहीं. फेंडरचा फ्रंटमन १०-जी साधा, दहा वॅटांचा, सहा इंची कर्ण्याचा; नुकतें शिकूं लागलेल्यास तो पुष्कळ झाला. ज्याला स्वतःचें वादन मुद्रित करावयाचें आहे त्यानें मात्र यूएसबीची तार संगणकास जोडतां येईल असाच अँप पाहावा. मायक्रोफोनानें मुद्रण केलें तर कुकरच्या शिट्या, लोकलचा भोंगा व खालच्या भाजीवाल्याची आरोळी गिटारीबरोबर कायमची नोंदली जाते. तारेनें घेतलें तर यांपैकीं कांहीं येत नाहीं, व तें रात्रीं अकरा वाजतांही करतां येतें.

लहान अँपची लाज वाटणाऱ्या मुलांस एक गोष्ट सांगावी. एरिक क्लॅप्टन याच्या 'लैला' या १९७० सालच्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रणांत फेंडरचे अगदीं लहान चँप अँप वापरले होते. मुद्रणशाळा मोठी होती, अँप नव्हता.

नातवाबरोबर आम्ही मरीन लाईन्सला उतरून धोबीतलावाकडील वाद्यांच्या दुकानांत गेलों, तेव्हां एक रीत ठरवून गेलों होतों. ती वाचकांनीं करून पाहावी. आपलीच गिटार बरोबर न्यावी. अँपचा आवाज इतका उतरवावा कीं शेजारीं चाललेलें साधें बोलणें स्पष्ट ऐकूं यावें. मग फक्त जाड तीन तारा वाजवाव्या. त्या आवाजांत ज्याचा खर्ज शाबूत राहील तो अँप घरचा. विक्रेत्यानें आम्हांस पन्नास वॅटांचा आग्रह केला. नातवानें दोनही अँप पाठ फिरवून ऐकले आणि लहानाकडे बोट दाखविलें. आम्हीं तोंडांतून चकार शब्द काढला नाहीं.

हेडफोन लावण्याची जागा आहे ना, व तिचें भोंक मोठें आहे कीं लहान, हें तेथेंच पाहावें. पण हेडफोन म्हणजे निर्धास्तपणा नव्हे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस ८० डेसिबल आठवड्यास चाळीस तास एवढीच मर्यादा सांगते. मुलांस त्याहून कमी, ७५.

परदेशस्थ आप्तांनीं आणलेला अँप फुकट मिळाला तरी त्याची पाठ वाचल्यावांचून पिन लावूं नये. अमेरिकेंतील वीज १२० व्होल्टांची, आपली २३०. केवळ तिकडच्या विजेसाठीं केलेला अँप येथें क्षणांत जळतो. त्याला मधें व्होल्टेज उतरविणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. तीन पिनांची तिसरी पिन कापून दोन भोंकांत बसविण्याची हुन्नर कांहीं घरांत दिसते, ती सर्वथा वर्ज्य करावी. ती पिन अर्थिंगची. ती गेली कीं अँप गुणगुणूं लागतो, आणि बिघाड झाल्यास तारांवाटे धक्का वाजविणाराच्या बोटांस बसतो.

घरीं आणल्यावर अँप जमिनीवर ठेवूं नये. त्याचा खर्ज फरशीवाटे खालच्या बिऱ्हाडांत उतरतो. खुर्चीवर जाड गोधडीची घडी घालून तीवर ठेवावा, सामाईक भिंतीपासून दूर, आणि तोंड वाजविणाराच्या कानाकडे करावें. कान जवळ आला म्हणजे आवाज आपोआप उतरवितां येतो. दुपारीं एक ते चार ही वेळ मात्र घरांतील वृद्धांची वामकुक्षी समजून हेडफोनास द्यावी, असें आमच्या घरीं ठरलें आहे.