क्रमांकांतील खंड : गणना आणि निर्देश

परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत केंद्रात आता तीन संच उरले आहेत. परंतु त्यांचे क्रमांक १, २, ३ नसून ६, ७ व ८ असे आहेत. १९७१ मधील ३० मेगावॅटचे दोन आणि १९८० ते १९८७ या काळात उभे राहिलेले २१० मेगावॅटचे तीन संच कायमचे बंद झाले. २००७, २०१० व २०१६ साली सुरू झालेल्या, प्रत्येकी २५० मेगावॅटच्या संचांस मात्र त्यामुळे नवे क्रमांक देण्यात आले नाहीत. यामागील तत्त्व डेटाबेसलाही लागू पडते.

डेटाबेसच्या कोष्टकात प्रत्येक नोंदीस स्वतंत्र क्रमांक असतो. त्यास ‘प्रायमरी की’ म्हणतात. नोंद काढून टाकली, अथवा ती करण्याची क्रिया अर्ध्यावर रद्द झाली, तर तो क्रमांक सामान्यतः पुन्हा वापरला जात नाही व मालिकेत खंड पडतो. तो पाहून क्रमांक नव्याने लावण्याचा मोह अनेकांस होतो.

व्याकरणदृष्ट्या पाहता या मोहाचे मूळ ध्यानात येते. ‘तीन संच’ यात ‘तीन’ हे गणनावाचक विशेषण आहे. ‘तिसरा संच’ यात ‘तिसरा’ हे क्रमवाचक. ‘संच क्रमांक ३’ यातील अंक मात्र विशेषनामाप्रमाणे एका विशिष्ट वस्तूचा निर्देश करतो. गणनेत खंड पडल्यास हिशेब चुकतो. नामांच्या यादीत खंड संभवतच नाही.

समजा, संचांच्या कोष्टकात ६ च्या जागी १ लिहिला. देखभालीच्या नोंदी निराळ्या कोष्टकात असून त्या संचाचा निर्देश केवळ क्रमांकाने करतात. मग ६ या क्रमांकाच्या नोंदी निराधार होतात आणि जुन्या ३० मेगावॅटच्या संचाचा इतिहास २५० मेगावॅटच्या संचास चिकटतो. कोष्टकांत परस्परसंबंधाचा नियम घातलेला असल्यास संगणक असा बदल नाकारतो, किंवा संबंधित नोंदींतही करतो. परंतु छापील अहवाल व नोंदवह्या यांतील जुना क्रमांक तसाच राहतो, आणि वाचणारास चूक कळण्याचा मार्गच उरत नाही.

अनुक्रमच हवा असेल, तर तो यादी दाखविताना मोजून वेगळ्या स्तंभात द्यावा. दोन कोष्टके एकत्र करताना तोच क्रमांक दोहोंत आढळल्यास मात्र बदल अपरिहार्य ठरतो. अशा वेळी सर्व संबंधित कोष्टकांतील बदल एकाच व्यवहारात करावेत, म्हणजे एक तर सारे होतील किंवा एकही होणार नाही. आणि जुन्या व नव्या क्रमांकांची सूची कायम जतन करावी.