फुलपाखराचे माहेर

चातुर्मासाच्या सुमारास पाऊस स्थिरावला की गॅलरीतल्या कढीपत्त्याला कोवळी पालवी फुटते आणि थोड्याच दिवसांत तिच्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काळपट-पांढरे ठिपके दिसू लागतात. जवळ जाऊन पाहावे तर तो ठिपका पान कुरतडत असतो! आठ-दहा दिवसांत त्याची हिरवीगार, गुबगुबीत अळी होते. तिला धक्का लागला तर ती डोक्यामागून नारिंगी दुबेळके बाहेर काढते व उग्र वास सोडते. बहुतेक घरांत यानंतर औषधाचा फवारा येतो. मुंग्यांना पीठ-साखर घालणाऱ्या घरांतही हे घडते, कारण ‘कीड’ हा शब्द एकदा उच्चारला गेला की जीवदयेचा विचार तिथेच थांबतो. शिवाय तीच फवारलेली पाने पुढे फोडणीत पडतात, ते वेगळेच.

ही अळी बहुधा लिंबू फुलपाखराची किंवा कॉमन मॉरमॉनची असते. अंड्यापासून पंख फुटेपर्यंतचा तिचा प्रवास साधारण एका महिन्याचा. या काळात ती कढीपत्ता, लिंबू, बेल अशा एकाच कुळातील झाडांची पाने खाते. दुसरे काही तिला चालत नाही.

घरच्या बागेतील हौस नेमकी इथे चुकते. फुलपाखरे यावीत म्हणून रोपवाटिकेतून रंगीबेरंगी फुलझाडे आणली जातात. त्यांवर फुलपाखरे येतात, मध पितात आणि निघून जातात. ती झाडे म्हणजे वाटेवरचे उपाहारगृह. बाळंतपणाला मात्र माहेरच लागते. मादी पुढच्या पायांनी पान चाचपून त्याची चव घेते आणि ओळख पटली तरच त्यावर अंडे घालते. मूळची अमेरिकेतील घाणेरी कितीही फुलली तरी ती हे माहेरपण देऊ शकत नाही.

ही माहेरे आपल्या मातीतलीच आहेत आणि त्यांना भांडवल जवळजवळ लागत नाही. पावसाळ्यात रस्त्याकडेला फुकट उगवणारा टाकळा पिवळ्या चिमुकल्या फुलपाखरांना पुरतो. बहाव्यावर फिकट पिवळसर-पांढरी फुलपाखरे वाढतात. रुईवर पट्टेदार अळी दिसते. रुईच्या चिकातील विष ती अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या नादी लागत नाहीत. (रुईचा चीक डोळ्यांना घातक, लहान मुले असलेल्या घरी ती कुंपणाबाहेरच बरी.) अंगण मोठे असेल तर पपनसाचे झाड जरूर लावावे. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेल्या, काळ्या मखमलीवर निळी झाक असलेल्या ब्लू मॉरमॉनची अळी लिंबू-पपनसाच्या कुळातच वाढते. असा मान एखाद्या फुलपाखराला देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य.

मधमाश्यांची सोय त्याहून सोपी. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नयेत, काही फुलू द्याव्यात. दोडका, कारले, भोपळा यांची नर व मादी फुले वेगवेगळी असतात. कीटकांनी पराग वाहून नेला नाही, तर वेल फुलांनी बहरूनही फळ धरत नाही.

राहिला प्रश्न स्वयंपाकघराचा. त्यासाठी कढीपत्त्याच्या दोन कुंड्या ठेवाव्यात, एक फोडणीसाठी आणि एक अळ्यांसाठी. पहिल्या कुंडीवर अळी दिसली तर ती हाताने ओढू नये. डहाळीसह कापून दुसऱ्या झाडावर अडकवावी. ती आपण होऊन सरकते. निंबोळी तेलही ‘नैसर्गिक’ म्हणून मारू नये, अळीला तेही मारकच ठरते. विकत आणलेल्या रोपावर आधीच फवारणी झालेली असू शकते, तेव्हा नवी पालवी येईपर्यंत थांबावे. काही अळ्या पक्षी व गांधीलमाश्या नेणारच. त्या हिशेबात माणसाने पडू नये.

उरलेली एखादी अळी फांदीला रेशमी धाग्याने कंबर बांधून कोष करते. परिसर पाहून तो हिरवा किंवा तपकिरी होतो. एके सकाळी कोष उकलतो, चुरगळलेले पंख घेऊन फुलपाखरू लटकते, पंख पसरून वाळवते आणि उडून जाते. ओरबाडलेल्या फांदीला काही दिवसांतच पुन्हा पालवी फुटते.