‘उलटा सदरा’ इंग्रजीत कसा सांगावा

सकाळच्या घाईत एखादा मुलगा सदरा अंगात चढवून शाळेत येतो आणि शिवण बाहेर दिसत असते. ‘सदरा उलटा आहे’ एवढे म्हटले की मराठीत काम भागते. उलटा म्हणजे नेमका कसा, हे डोळ्यांना दिसतच असते. इंग्रजीच्या तासाला मात्र हाच ‘उलटा’ अडचण करतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जात असल्याने ही अडचण फार लवकर पुढे येते. मुले हाताशी असलेला प्रतिशब्द उचलून ‘अपसाइड डाउन’ असे लिहितात. त्याचा अर्थ गळपट्टी खाली आणि घेर वर असा होतो. तसा सदरा घालणे कोणासही साधावयाचे नाही.

कोणती बाजू कोठे गेली, हे इंग्रजी भाषा पाहते. आतली बाजू बाहेर आली तर ‘इनसाइड आउट’. पाठीकडचा भाग छातीवर आला तर ‘बॅक टु फ्रंट’. अमेरिकेत त्यालाच ‘बॅकवर्ड्स’ म्हणतात. ‘युअर शर्ट इज इनसाइड आउट’ हे साधे वाक्य आरंभी पुरे. पुढे ‘यू हॅव गॉट युअर शर्ट ऑन बॅक टु फ्रंट’ हे वाक्य द्यावे. त्यातील ‘ऑन’ हा शब्द मुले हमखास गाळतात, आणि सदरा अंगावर आहे हा अर्थच त्याबरोबर जातो.

पादत्राणांची गोष्ट निराळी आहे. तळ वर करून पडलेली चप्पल मराठीत उलटी. घरात भांडण होईल म्हणून आजी ती लगबगीने सुलटी करते. डावी चप्पल उजव्या पायात घातली तरी तीही उलटीच. इंग्रजीत पहिली ‘अपसाइड डाउन’, तर दुसरीसाठी ‘ऑन द राँग फीट’. पाय बिचारे जागच्या जागी असतात, तरी इंग्रजी भाषा चूक त्यांच्याच नावावर लिहिते!

या प्रयोगामागे थोडा इतिहासही आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपात दोन्ही पायांचे जोडे बहुधा एकाच घडणीचे करीत. डाव्या-उजव्याचा भेद एकोणिसाव्या शतकात पुन्हा रूढ झाला. शेक्सपिअरच्या ‘किंग जॉन’ नाटकात घाईने सपाता भलत्या पायांत घातलेला एक शिंपी येतो. १७६५ साली शेक्सपिअरची नाटके संपादित करताना डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांस हे वर्णन चुकीचे वाटले. कोणताही जोडा कोणत्याही पायात जातो. कवीने हातमोज्यांशी गल्लत केली असावी, अशी टीप त्यांनी दिली. एवढा मोठा कोशकार, पण स्वतःच्या पायांतील जोड्यावरून त्याने मागच्या काळाची परीक्षा केली.

वर्गात शिकविताना एक सदरा, एक टोपी व चपलांचा जोड टेबलावर ठेवावा आणि शिक्षकाने स्वतः टोपी मागचे पुढे करून घालावी. ज्या मुलाचा सदरा खरोखरच उलटा असेल, त्यास उदाहरण म्हणून उभे करू नये. तो पुन्हा इंग्रजीत तोंड उघडावयाचा नाही. त्यास बाहेर नेऊन हळूच सांगावे. उत्तरपत्रिकेत कोणी ‘राँग साइड आउट’ लिहिले, तर ते ‘इनसाइड आउट’च्याच अर्थाचे शुद्ध इंग्रजी आहे, त्यावर तांबडी रेघ मारू नये.