गिअर नसलेली गाडी

सूरजागडच्या पहाडीवरून भरून निघालेल्या हायवा ट्रकमध्ये बसलं की आधी लक्ष जातं ते ड्रायव्हरच्या डाव्या हाताकडे. उजवा हात स्टिअरिंगवर, पण राबतो डावा. गिअरच्या दांडीची मूठ झिजून गुळगुळीत झालेली, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. मागे हेमॅटाइट, म्हणजे लोहखनिज. त्याची तांबडी धूळ इतकी, की समोरच्या काचेखालचा देवाचा फोटोही गेरूत बुडवून काढल्यासारखा. पहाडीच्या उतारावर ड्रायव्हरने गाडी खालच्या गिअरमध्येच धरून ठेवली होती. खाली आल्यावर खरी गंमत सुरू झाली. नाला, पुलापुढचा चढ, गाव, गतिरोधक, समोरून एसटी. दर वेळी क्लच, गिअर, पुन्हा क्लच, पुन्हा गिअर. एटापल्ली सोडल्यावर मी मोजायला लागलो. आलापल्लीच्या बऱ्याच अलीकडे पन्नाशी गाठली, तेव्हा नाद सोडला.

"लोड गाडी हाय भाऊ," तो म्हणाला. "आवाज पडाच्या अगोदर गिअर टाकाव लागते. एकदा पडला का मंग उचलतच नाई."

डिझेल इंजिनाचा स्वभाव याहून नेमका सांगता येणार नाही. ते उभ्यानं ओझं उचलत नाही. आधी स्वतः फिरत असलं पाहिजे, आणि फिरणं एका हद्दीखाली गेलं की मान टाकतं. म्हणून मध्ये क्लच, म्हणून गिअर. ट्रकला हे जमून जातं. पण रेल्वेगाडी जागची हलवायची तर शेकडो अश्वशक्तीचा जोर क्लचच्या पट्ट्यांवर येणार, आणि तो सोसणारा क्लच आणायचा कुठून, या प्रश्नाशी शंभर वर्षांपूर्वीचे इंजिनीअर झुंजत होते.

त्यांनी काढलेली तोड मी लहानपणी वडशाच्या फलाटावर पाहिली. तिथल्या मार्गावर तेव्हा विजेच्या तारा नव्हत्या. मालगाडीला डब्ल्यूडीएम-2 लागलेलं, 2600 अश्वशक्तीचं, मूळ घडण अमेरिकेच्या अल्को कंपनीची. माझे मामा रेल्वेतले. मला इंजिनाशेजारी उभं करून म्हणाले, "बाबू, आवाज आईक आन् चाक पाह्य." ड्रायव्हरने हँडल पहिल्या नॉचवर नेलं, मग दुसऱ्या. एकूण नॉच आठ. इंजिन गरजायला लागलं, धुराचा काळा लोट वर गेला, पायाखालचा फलाट थरथरला. आणि चाक? चाक जिथल्या तिथे. मग दिसेल न दिसेल इतकं सरकलं. पहिल्या वॅगनची कपलिंग ताणली, ठक्‌, मग दुसरीची, आणि तो ठक्‌ठकाट पार शेपटापर्यंत पळत गेला.

इंजिन चाकाला बांधलेलंच नव्हतं. ते फक्त जनरेटर फिरवत होतं. जनरेटरची वीज धुऱ्यांवरच्या सहा मोटारींना, आणि चाक फिरवणार त्या मोटारी. विजेच्या मोटारीचा गुण असा, की उभी असतानाच तिचा जोर सगळ्यात जास्त. डिझेलला जे जमत नाही, नेमकं तेच तिला जमतं. थोडक्यात, आपलं वीजघर पाठीवर घेऊन फिरणारी गाडी.

या युक्तीला वेगाची जोड मिळाली 1933मध्ये. जर्मनीत बर्लिन ते हॅम्बुर्ग 286 किलोमीटर अंतर 'फ्लीगेंडर हाम्बुर्गर' ही दोन डब्यांची गाडी 138 मिनिटांत कापायला लागली. तिचं गोलसर नाक झेपेलिन वायुनौकांच्या कारखान्यातल्या वातबोगद्यात तपासून ठरवलेलं. माझा जीव मात्र तिच्या अमेरिकन बहिणीवर. 'बर्लिंग्टन झेफर', तीन डबे, अंगभर चकचकीत स्टेनलेस स्टील, शेजारच्या दोन डब्यांना मिळून एकच बोगी, 600 अश्वशक्तीचं विंटन इंजिन, आणि सगळी गाडी शंभर टनांच्या आत. 26 मे 1934 रोजी ती डेन्व्हरहून शिकागोला न थांबता जायला निघाली. वाटेत दारात एक वायर चेंगरली, शॉर्ट झाली, इंजिन बंद. ते पुन्हा चालू करायचं तर बॅटरीची वीज पोचायला हवी, आणि तीच वायर जळालेली. गाडी उरल्यासुरल्या वेगावर घरंगळत होती. थांबली असती तर सगळा खटाटोप पाण्यात. एकाने जळक्या वायरची दोन टोकं हातानेच जुळवून धरली. हात भाजले, इंजिन सुरू झालं. 1600हून अधिक किलोमीटर, 13 तास 5 मिनिटं. गाडीत झेफ नावाचं एक गाढवही होतं. अमेरिकेत प्रसिद्धीसाठी काय करतील सांगता येत नाही.

हे सगळं मी ड्रायव्हरला सांगत होतो. त्याला गाढवाचं फार आवडलं. रेल्वे इकडे कधी येणार, हे त्याने विचारलं नाही. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे म्हणजे आजवर वडसाच, तिथून गडचिरोलीपर्यंतचा नवा मार्ग अजून कामातच, आणि सूरजागड त्याच्याही कितीतरी पलीकडे. इकडच्याच, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोखंडावरचा अहवाल जमशेटजी टाटांनी 1882मध्येच वाचला होता. पोलादाचा कारखाना मात्र दूर साक्चीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, उभा राहिला.

पुढे एक भरलेली गाडी पंक्चर होऊन आडवी उभी होती, मागे हायवांची रांग. चार हात पुढे, थांब. चार हात पुढे, थांब. जळक्या क्लचचा वास केबिनमध्ये भरला.

"त्याले गिअरच नाई म्हनता," तो बऱ्याच वेळाने म्हणाला, "मंग त्या डायवरच्या डाव्या हाताले काम काय?"

मी म्हणालो, "हॉर्न."

तो हसला, आणि पुन्हा पहिला टाकला.