प्लॅस्टरची रणभूमि

बुद्धिबळाचा पट आमच्या घरीं तीन पिढ्यांपासून आहे. त्या पटावरील चौसष्टहि घरें सारख्याच योग्यतेचीं. कोठें टेकडी नाहीं, कोठें नदी नाहीं. परंतु खऱ्या युद्धांत भूमि हा स्वतःच एक पक्ष असतो. तीस वर्षें इतिहास शिकवूनहि ही गोष्ट मला सेवानिवृत्तीनंतर, नातवाच्या एका प्रश्नानें उमगली.

गेल्या दिवाळींत मी मुलांस असईच्या लढाईची हकीकत सांगत होतों. आमच्या बुलढाणा जिल्ह्यास लागून असलेल्या जालना जिल्ह्यांतील हें गांव. तेथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं जनरल वेलस्लीनें शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. सन, तारीख, सेनापति, परिणाम, सर्व कांहीं मीं नेहमींच्या क्रमानें सांगितलें. धाकटा नातू म्हणाला, "आजोबा, पण नदी कुठं होती?" वर्गांत हा धडा मीं किती वेळां शिकविला असेल, फळ्यावर नदी एकदाहि काढली नव्हती.

उत्तरादाखल ती रणभूमि मेजावरच रचावी असें आम्हीं ठरविलें. ही युक्ति नवी नव्हे. प्रशियामध्यें बॅरन फॉन राइसविट्झ यांनीं १८१२ सालीं राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम यास युद्धखेळाचें जें मेज अर्पण केलें, त्यावरील भूमि प्लॅस्टरच्या तीन-चार इंची चौरस तुकड्यांची होती. त्यांवर रस्ते, गांवें, दलदल व नद्या रंगविल्या होत्या, आणि तुकडे हवे तसे मांडून नवी भूमि रचतां येई.

प्लॅस्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेला जिप्सम. आयुर्वेदांत ज्यास गोदंती म्हणतात तेंच हें खनिज. सुमारें दीडशें अंश उष्णतेवर भाजलें असतां त्यांतील तीन चतुर्थांश पाणी निघून जातें. पुढें त्या भुकटींत पाणी मिसळलें कीं ती गेलेलें पाणी परत घेते, आणि घेतां घेतां उष्णता सोडून घट्ट होते.

प्रथम शाडूचे चार इंच चौरस नमुने करावे: एकावर नदीचें पात्र, दुसऱ्यावर चढ, तिसऱ्यावर नुसतें माळरान. नदी प्रत्येक तुकड्याच्या कडेच्या बरोबर मध्यावरून शिरावी व मध्यावरूनच निघावी. म्हणजे तुकडे कसेहि जोडले तरी प्रवाह तुटत नाहीं. नमुन्यावर रबराच्या चिकाचे आठ-दहा हात द्यावे; एक वाळल्यावर दुसरा. हा साचा सालीसारखा सुटतो. तो परातींतल्या वाळूंत सपाट बसवावा. भांड्यांत आधीं पाणी घेऊन त्यांत दुप्पट मापाची भुकटी भुरभुरावी. भुकटीवर पाणी ओतल्यास गुठळ्या होतात. मिनिटभर भिजल्यावर सावकाश ढवळून साच्यांत ओतावी व परातीस टिचक्या माराव्या, म्हणजे बुडबुडे वर येतात. वरची बाजू पट्टीनें सारखी करावी. तोच तुकड्याचा तळ होय. अर्ध्या तासानें तुकडा काढावा, परंतु दोन दिवस वाळल्याखेरीज रंग देऊं नये.

दोन गोष्टी मात्र जपाव्या. घट्ट होणाऱ्या प्लॅस्टरमध्यें मुलांनीं हात बुडवूं नये. भाजण्याइतकी उष्णता निघते. आणि उरलेलें प्लॅस्टर मोरींत ओतूं नये. मीं तें ओतलें. तें नळींत दगड होऊन बसलें, तेंहि ऐन सणांत. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत, पण त्या दिवशीं सायंकाळचा चहा बराच उशिरां आला.

चोवीस तुकड्यांची रणभूमि सिद्ध झाली. दक्षिणेस केळणा, उत्तरेस जुई, व पूर्वेस दोहोंच्या संगमाकडे निमुळती होत गेलेली जमीन. पुढें नदीस उतार नाहीं असें वाटाड्यांनीं वेलस्लीस सांगितलें होतें. परंतु दोन तीरांवर समोरासमोर दोन गांवें वसलीं आहेत, त्या अर्थीं मधून जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असें त्यानें ताडलें व तेथूनच सैन्य पार नेलें. दोन्ही बाजूंस नद्या असल्यामुळें त्याच्या बगला सुरक्षित राहिल्या, आणि त्या चिंचोळ्या जागेंत मराठी सैन्यास आपल्या मोठ्या संख्येचा पुरता लाभ घेतां आला नाहीं. तरीहि शिंद्यांच्या तोफखान्यापुढें त्याचे पंधराशेंहून अधिक लोक ठार वा जखमी झाले. हें सर्व बोटानें दाखवितां येत होतें. पाठ करण्यासारखें कांहीं उरलेंच नाहीं.

मग खेळ मांडला. शिंद्यांची बाजू धाकट्यानें घेतली. पहिल्याच खेपेस त्यानें चार तोफा उचलल्या, त्या दोन गांवांमधील उतारावर नेऊन ठेवल्या आणि मजकडे पाहून म्हणाला, "आतां येऊं दे साहेबाला!"

तीस वर्षांत माझ्या एकाहि विद्यार्थ्यानें ही चाल सुचविली नाहीं. दोष त्यांचा नव्हता. मीं त्यांस तो उतार कधीं दाखविलाच नव्हता.