पंढरीच्या पायरीशी

मॉरिशसहून भारतदर्शनाला जाणारी आपली मंडळी काशी, हरिद्वार, तिरुपती, शिरडी करून येतात. पंढरपूर मात्र पुष्कळांचे राहून जाते. कारण विचारले तर म्हणतात, "वाटेत लागत नाही." तेही खरेच. पंढरपूर पडले सोलापूर जिल्ह्यात, पुण्यापासून दोनशे किलोमीटरांच्या पुढे. आगगाडीने जाणाऱ्यास कुर्डुवाडी जंक्शनहून फाटा घ्यावा लागतो. पण ज्याचे नाव घेत आपल्या आजीआजोबांनी उसाच्या मळ्यांत दिवस काढले, त्याच्या गावी एक दिवस तरी वाट वाकडी करून जावे असे आम्हांस वाटते.

गावाशी भीमा नदी चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिथे तिला चंद्रभागा म्हणतात. वाळवंटात, नदीच्या पात्रातच, पुंडलिकाचे मंदिर आहे. आईबापांची सेवा चालू असताना देव दारी आला, तर या पुत्राने त्याला उभे राहायला वीट फेकली, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणून प्रथम भक्ताला नमस्कार आणि मग देवाला. पावसाळ्यात पूर आला की हे मंदिर पाण्यात जाते. उन्हाळ्यात पाणी आटते आणि यात्रेच्या दिवसांत ते स्वच्छ राहत नाही. तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी पायांवर पाणी घेऊन समाधान मानावे.

महाद्वाराशी पोहोचलात की घाई करू नका. पहिली पायरी नामदेवांची. संतांची पायधूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी तिथे समाधी घेतली असे वारकरी मानतात. त्या पायरीवर कोणी पाय देत नाही. डोके टेकतात आणि ओलांडून जातात. तिच्या समोरच एक छोटी समाधी आहे, ती संत चोखोबांची. आमच्या पाहण्यात आले की परदेशातून आलेले अनेक यात्रेकरू तिच्याकडे न पाहताच रांगेकडे धावतात.

चोखोबा जातीने महार. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले असताना भिंत कोसळून ते गेले. त्यांच्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येत होते, त्यावरून नामदेवांनी ती ओळखली आणि पंढरीस आणली, अशी कथा आहे. जिवंतपणी ज्याला देवळात पाऊल टाकता आले नाही, त्याला जागा मिळाली ती दाराबाहेर. आणि त्याच्यामागून त्याच्या जातीचे लोक सहाशे वर्षे त्याच दारापाशी थांबून कळसाला हात जोडीत परत गेले. अभंग चोखोबांचे गायचे आणि चोखोबांच्या लेकरांना उंबऱ्याबाहेर ठेवायचे, असा तो व्यवहार होता.

हे दार उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणाने. गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर फिरून लोकांना विनवले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभले. दहा दिवसांनी ते सुटले आणि मंदिर हरिजनांस खुले झाले. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा तीन महिने उरले होते.

ही हकीकत इतकी लांबवली, कारण ती आपलीही आहे. गिरमिटावर मॉरिशसला आलेल्या कोकणातल्या माणसांत मराठे, कुणबी, महार असे सर्वच होते. जहाजावर आणि मळ्यावर निराळी पंगत मांडणे कठीण होते. आज आपल्या बेटावर विठ्ठल-रखुमाईच्या मंदिरात आपण सगळे एकत्र आरती करतो. पण ती माणसे गाव सोडून निघाली तेव्हा त्यांतल्या कित्येकांना पंढरीचे दार बंद होते. त्यांची पणतवंडे आज रांगेत उभी राहतात आणि कोणी जात विचारीत नाही. आमच्या पुढे उभ्या असलेल्या एका आजींनी आम्हांला फक्त गाव विचारले. "मॉरिशस," म्हणताच त्या म्हणाल्या, "लई लांबनं आलात, बाई." आणि आपल्या पिशवीतला मूठभर चुरमुरा आमच्या हातावर ठेवला.

आत दोन रांगा असतात. मुखदर्शनाची रांग लवकर सरकते, पण देव दुरून पाहावा लागतो. पदस्पर्शाच्या रांगेत वेळ लागला तरी तीच धरावी, कारण देवाच्या पायांवर सर्वांना डोके ठेवता येते हे पंढरीचे वेगळेपण आहे. मार्च २०२४ मध्ये जुने दगडी काम दुरुस्त करण्यासाठी हे दर्शन बंद ठेवले होते, ते जूनमध्ये पुन्हा सुरू झाले. त्याच कामात फरशीखाली एक तळघर सापडले आणि त्यातून काही मूर्ती निघाल्या.

रखुमाईचे मंदिर निराळे, मागच्या बाजूस. ती रुसून आली म्हणून वेगळी राहते. आवारात कान्होपात्रेचा वृक्षही आहे. कलावंतिणीची ही मुलगी संतांच्या मालिकेत बसली. बडवे आणि उत्पात यांचे वंशपरंपरेचे हक्क १९७३ च्या कायद्याने काढून घेतले गेले, पण खटला चालत राहिला आणि शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयात २०१४ साली लागला.

पंढरपुरात मुसलमानांचीही वस्ती आहे. २०२३ साली आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी, २९ जूनला, आली. तिथल्या मुसलमान बांधवांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे ठरवले. दोनच दिवसांपूर्वी तिकडे सौदी अरेबियात हाजी अराफातच्या मैदानात उभे होते आणि इकडे पालख्या पंढरीच्या जवळ पोहोचत होत्या. हाजींत कोकणातलेही लोक असतात. ते १९९५ पर्यंत मुंबई बंदरातून आगबोटीने जेद्दाला जात. आपले पूर्वज निघाले तेही मुंबईहूनच. ईदला शेजारच्या घरून बिर्याणी येणाऱ्या आपल्या वाचकांना या योगाचे नवल वाटणार नाही.

वेळ उरल्यास गोपाळपूर पाहावे, अगदी जवळ आहे. आषाढी-कार्तिकीच्या पौर्णिमेस तिथे काला होतो. मात्र लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर या दोन वाऱ्यांची गर्दी टाळून मार्गशीर्षात जावे. दर्शनाआधी चपला आणि पिशव्या उतरलेल्या ठिकाणीच ठेवाव्यात. बुक्का आणि तुळशीची माळ महाद्वाराच्या रस्त्यावर मिळते. पहिला बुक्का चोखोबांना लावावा.